सीनियर रँग्लर रघुनाथराव परांजपे



रँग्लर म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर जीनची पँट येते. पुण्यातल्या जुन्या माणसांना मात्र त्या शब्दाने गणिताचे प्राध्यापक आठवतात. रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी, रँग्लर नारळीकर अशी नावे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मला तर कितीतरी वर्षे तो आडनावाचाच भाग वाटत होता. पुढे कळले की ही केंब्रिज विद्यापीठातली पदवी आहे, आणि तिथे सगळ्यांच्या वर पहिला येण्याचा मान एका कोकणातल्या मुलाने मिळवला होता.

त्यांच्याविषयी लिहावे असे मनात आले ते एका गणितामुळे. मोठ्या गटातल्या एका मुलाने मधल्या सुट्टीत वही पुढे केली. शाळेत इंटिग्रेशन नुकतेच शिकवलेले, आणि इंटरनेटवर त्याला फाइनमन ट्रिक नावाची एक युक्ती सापडलेली. ही युक्ती अमेरिकेत निघाली का, आणि आपल्यापैकी कुणाला ती येत होती का, असे त्याने विचारले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. दुसऱ्याचे उत्तर लांबलचक आहे, आणि त्यासाठी आपल्याला दापोली तालुक्यात जावे लागेल.

रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळ समुद्राकाठी आंजर्ले हे गाव आहे. त्याच्या शेजारचे छोटे गाव म्हणजे मुर्डी. तिथे १६ फेब्रुवारी १८७६ रोजी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म झाला. जवळच मुरुड गाव, आणि मुरुडचे धोंडो केशव कर्वे हे त्यांच्या नात्यातले. हेच पुढे महर्षी कर्वे झाले. कर्वे तेव्हा मुंबईत शिकवण्याचे काम करत होते. स्वतःचीच ओढाताण असताना त्यांनी या हुशार मुलाला शिक्षणासाठी आपल्याकडे मुंबईला नेले. कोकणातल्या त्या काळच्या कितीतरी मुलांचे शिक्षण असे कुणाच्या तरी घरी राहून झालेले आहे. तुम्हाला इथे प्रत्येकाला वेगळी खोली असते, म्हणून मुद्दाम सांगतो.

मुंबईहून रघुनाथ पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आला. तिथे गणिताच्या अध्यापनाची परंपरा मोठी गमतीची आहे. आधी लोकमान्य टिळक गणित शिकवत. ते १८९० मध्ये संस्थेतून बाहेर पडले आणि १८९१ मध्ये त्या जागी कर्वे आले. १८९२ पासून प्राचार्य होते गोपाळ गणेश आगरकर, म्हणजे कोणतीही गोष्ट बुद्धीला पटल्याशिवाय स्वीकारू नये असे आयुष्यभर सांगणारा माणूस. परांजपे पुढे जन्मभर कट्टर बुद्धिवादी राहिले, त्याचे बीज इथे पडले असावे असे मला वाटते. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांत वरचे क्रमांक मिळवत तो पुढे गेला. हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, आणि १८९६ मध्ये वीस वर्षांचा रघुनाथ केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाला.

जाण्यापूर्वी त्याने एक शब्द दिला होता. फर्ग्युसन कॉलेज चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा आजीव सदस्य होऊन परत येऊन शिकवीन, असा तो शब्द होता. आजीव सदस्य म्हणजे सुमारे वीस वर्षे अगदी मामुली पगारावर नोकरी. हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

आता त्या परीक्षेविषयी. केंब्रिजमधल्या गणिताच्या परीक्षेला ट्रायपॉस म्हणतात. फार पूर्वीच्या तोंडी परीक्षेतल्या तिवईवरून हे नाव पडले असे सांगतात. पहिल्या वर्गात येणाऱ्याला रँग्लर म्हणायचे, म्हणजे वाद घालणारा. कारण जुन्या काळी परीक्षा तोंडी वादविवादाची असे. रँग्लरांची गुणानुक्रमे यादी लागायची. पहिला तो सीनियर रँग्लर, मग दुसरा, तिसरा अशी ती यादी विद्यापीठात मोठ्याने वाचून दाखवत आणि वर्तमानपत्रे ती छापत. परीक्षा कित्येक दिवस चाले. वेळेत सुटूच नयेत इतकी गणिते प्रश्नपत्रिकेत असत. म्हणून विद्यार्थी खाजगी शिकवणी लावत. राउथ नावाच्या एका शिकवणीवाल्याने एकट्याने पंचविसाहून अधिक सीनियर रँग्लर तयार केले होते. आपल्या पॉइंट कुकमध्ये वेरिबीच्या सिलेक्टिव्ह शाळेच्या परीक्षेसाठी जी धावपळ चालते, तिच्याशी हे वर्णन जुळले तर तो दोष माझा नाही.

त्या परीक्षेत कशा प्रकारचे गणित लागायचे? त्याच्या वहीतले गणित त्याच जातीचे होते, म्हणून ते इथे सोडवून दाखवतो. लहान गटाने हवे तर पुढचे चार परिच्छेद सोडून वाचावे, पण भिशीचा भाग त्यांनाही कळेल.

संकलन म्हणजे इंटिग्रेशन, आणि विकलन म्हणजे डिफरन्शिएशन. समजा, क्ष हा ० पासून १ पर्यंत जात असताना (क्ष − १) ÷ (लॉग क्ष) या फलाचे संकलन काढायचे आहे. लॉग म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिथम. दिसायला गणित साधे आहे, पण सरळ वाटेने गेलात तर अडकाल. ज्याचे विकलन केल्यावर हे फल मिळेल असे कोणतेही ओळखीचे सूत्र नाही. खाली बसलेला लॉग काही केल्या हलत नाही.

युक्ती अशी, की गणित सोपे करण्याऐवजी आधी ते थोडे मोठे करायचे. वरच्या क्ष ला न दिसणारा १ हा घात आहे. त्या १ च्या जागी अ लिहू. म्हणजे वर झाले क्ष चा अ-वा घात उणे १, आणि खाली लॉग क्ष तसाच. आता उत्तर अ वर अवलंबून राहील. त्याला स म्हणू. अ बदलला की स किती वेगाने बदलतो ते पाहू. संकलनाच्या चिन्हाच्या आत शिरून अ च्या संदर्भात विकलन केले, तर क्ष च्या अ-व्या घाताला लॉग क्ष ने गुणलेले मिळते, आणि उणे १ नाहीसा होतो. वरचा लॉग आणि खालचा लॉग कटतात! उरतो फक्त क्ष चा अ-वा घात. त्याचे ० ते १ संकलन तुमच्यापैकी कुणीही करील : १ ÷ (अ + १). म्हणजे स चा बदलण्याचा वेग १ ÷ (अ + १) आहे. यावरून स = लॉग (अ + १) अधिक एखादी स्थिर संख्या. अ = ० घेतला तर मूळ फलात वर १ − १ म्हणजे शून्य येते, स शून्य होतो, आणि लॉग १ सुद्धा शून्यच; म्हणून ती स्थिर संख्याही शून्य. आता अ च्या जागी परत १ ठेवा. उत्तर लॉग २, म्हणजे ०.६९३१. अ च्या जागी २ ठेवला तर लॉग ३. एका गणिताच्या जागी अनंत गणिते सुटली.

हे चालते का? आपल्या आया चालवतात त्या भिशीचे उदाहरण घ्या. बाराजणींची भिशी आहे, प्रत्येकीची वर्गणी वेगळी. प्रत्येकीने आपली वर्गणी थोडी वाढवली, तर एकूण रक्कम किती वाढली हे काढायला सगळी बेरीज पहिल्यापासून करायला नको. कुणी किती वाढवले तेवढेच मिळवा. बेरजेतला बदल म्हणजे बदलांची बेरीज. संकलन ही एक बेरीजच आहे, फक्त तिच्यात अगणित बारीक तुकडे असतात. बाराजणींच्या बाबतीत नियम केव्हाही खरा. अगणित तुकड्यांच्या बाबतीत मात्र तो काही अटींवरच खरा ठरतो, आणि तिथे घाई करणारा फसतो.

ही कल्पना जर्मन गणिती लायबनिट्झ याची. १६९७ च्या सुमारास त्याने ती योहान बर्नुली याला कळवली. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत ती असे. रिचर्ड फाइनमन (१९१८–१९८८) हा अमेरिकेतला थोर भौतिकशास्त्रज्ञ. शाळेत तो फार बडबड करतो म्हणून त्याच्या शिक्षकांनी त्याला वुड्स नावाच्या लेखकाचे कलनशास्त्राचे जाडजूड पुस्तक देऊन मागच्या बाकावर बसवले. त्यातून तो ही युक्ती शिकला आणि पुढे इतरांना न सुटणारी संकलने तिच्या जोरावर सोडवू लागला. त्याने ती गोष्ट आपल्या आठवणींत इतकी रंगवून सांगितली की लोक युक्तीलाच त्याचे नाव देऊन मोकळे झाले. असो.

१८९९ च्या जूनमध्ये यादी लागली. सीनियर रँग्लर म्हणून दोन नावे बरोबरीने होती : पेंब्रोक कॉलेजचा जॉर्ज बर्टविसल आणि सेंट जॉन्सचा रघुनाथ परांजपे. रँग्लर झालेला पहिला हिंदी माणूस म्हणजे बंगालचे आनंदमोहन बोस. ते १८७४ मध्ये झाले होते. पण यादीच्या डोक्यावर हिंदी नाव प्रथमच आले. आज आपल्याला त्याचे फार वाटणार नाही. पण तेव्हा हिंदी माणसाची बुद्धीच कमी असे उघडपणे बोलणारे साहेब होते, आणि त्यांच्याच परीक्षेत, त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच परीक्षकांसमोर हा तेवीस वर्षांचा मुलगा पहिला आला होता. देशभर आनंद झाला तो त्यासाठी.

इथे मला एक अप्रिय वाटणारी गोष्टही सांगितली पाहिजे. पहिला येणे म्हणजे सर्वांत मोठा गणिती होणे नव्हे. विजेचे आणि चुंबकत्वाचे नियम मांडणारा मॅक्सवेल १८५४ मध्ये दुसरा आला होता. पहिला आला तो वर सांगितलेला शिकवणीवाला राउथ. लॉर्ड केल्विन १८४५ मध्ये दुसरे, इलेक्ट्रॉन शोधणारे जे. जे. टॉमसन १८८० मध्ये दुसरे. परांजपे यांच्या आदल्या वर्षी, १८९८ मध्ये, जी. एच. हार्डी चौथा होता. हाच हार्डी पुढे इंग्लंडमधला आघाडीचा गणिती झाला, आणि या परीक्षेने विद्यार्थ्यांना केवळ चलाख बनवले, गणिती बनवले नाही, असे म्हणून तिच्यावर तुटून पडला. १९०९ मध्ये क्रमांकांची यादी लावणे कायमचे बंद झाले.

त्याच वर्षी हार्डीने एक मजेदार लेख लिहिला. एकाच प्रसिद्ध निश्चित संकलनाच्या निरनिराळ्या सिद्धता घेऊन त्याने त्यांना गुण दिले, पण उलटे. विचार न करता क्रमांची अदलाबदल केली की दंडाचे गुण, ज्याला दंड जास्त त्याची सिद्धता खालची. संकलनाच्या आत शिरून विकलन करणे ही सुद्धा एक अदलाबदलच आहे. आधी बेरीज मग बदल, की आधी बदल मग बेरीज? परीक्षेच्या खोलीत घड्याळाकडे बघत भराभर गणिते सोडवणाऱ्याला हा प्रश्न विचारायला वेळ नसतो. उत्तर बरोबर येते, गुण मिळतात. पण ते का बरोबर आले हे शोधायला वर्षे द्यावी लागतात, आणि तिथून खरे गणित सुरू होते.

परांजपे यांच्याजवळ ती वर्षे होती का? होती. १९०१ मध्ये सेंट जॉन्स कॉलेजने त्यांना फेलो निवडले. केंब्रिजमध्ये राहून संशोधन करण्याचा रस्ता समोर उघडा होता. बरोबरीने पहिला आलेला बर्टविसल केंब्रिजमध्येच राहिला आणि १९२० नंतर पुंजभौतिकी अगदी नवे असताना त्याने त्यावर पुस्तके लिहिली. किंवा परांजपे यांना सरकारी शिक्षणखात्यात मोठ्या पगाराची जागा मिळाली असती. त्यांनी यातले काही केले नाही. १९०२ मध्ये ते पुण्याला परतले आणि फर्ग्युसन कॉलेजात रुजू झाले. आजीव सदस्याचा मूळ पगार होता महिना ७५ रुपये. वय सव्वीस, आणि त्याच वर्षी प्राचार्यपद गळ्यात पडले ते १९२४ पर्यंत.

मी त्यांच्याविषयी वाचताना इथे नेहमी थबकतो. लोक या त्यागाचे कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. पण त्याची किंमतही सांगितली पाहिजे. परांजपे यांच्या नावाचा एकही सिद्धांत गणितात नाही. कॉलेजचे वर्ग, वसतिगृहे, देणग्या, विद्यापीठाच्या सभा यांत दिवस जात होते, आणि मूलभूत संशोधनाला लागणारी निवांत वर्षे त्यांना मिळाली नाहीत. केंब्रिजमध्ये राहिले असते तर काय झाले असते हे कुणीच सांगू शकत नाही. दिलेला शब्द पाळला एवढे मात्र खरे. आणि तो शब्द त्यांनी विसाव्या वर्षी दिला होता, आपण सीनियर रँग्लर होऊ हे माहीत नसताना.

गणिताशी नाते मात्र तुटले नाही. १९०७ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी स्थापन झाली. तिचे ग्रंथालय फर्ग्युसन कॉलेजात ठेवण्यात आले आणि ते सांभाळण्याचे काम परांजपे यांच्याकडे आले. परदेशी गणिती नियतकालिके मागवायची आणि देशभरच्या सभासदांना ती पाहायला मिळतील अशी व्यवस्था करायची, हे ते काम. त्या काळी एखाद्या लहान गावातल्या गणिताच्या मास्तराला नवे गणित दिसण्याची दुसरी वाट नव्हती. याच संस्थेच्या मासिकात १९११ मध्ये मद्रासकडच्या एका तरुणाचा पहिला लेख छापून आला. तो कॉलेजच्या परीक्षेत नापास झालेला होता, आणि निश्चित संकलनांची अशी उत्तरे काढत होता की भले भले चक्रावत. त्याचे नाव श्रीनिवास रामानुजन. १९१३ मध्ये त्याने हार्डीला पत्र पाठवले, ती कथा तुम्ही ऐकली आहे.

आणखी एक धागा आहे. फर्ग्युसन कॉलेजात स्वतंत्र गणिती लेखनासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक देत. ते १९२७ मध्ये डहाणूत जन्मलेल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर या विद्यार्थ्याने मिळवले. कापरेकर पुढे देवळालीला शाळामास्तर होते आणि ६१७४ या संख्येमुळे जगभर ओळखले जातात. लहान गटाने हे करून पाहावे : ३५२४ घ्या. आकडे उतरत्या क्रमाने ५४३२, चढत्या क्रमाने २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा तसेच करा, ८७३० उणे ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा, ८५३२ उणे २३५८, आले ६१७४. सगळे आकडे सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेतली तरी शेवटी इथेच येते.

प्राचार्य म्हणून परांजपे सर्वांचे लाडके होते असे समजू नका. ते नेमस्त राजकारणातले, नामदार गोखले यांच्या विचारांचे. १९०५ मध्ये पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली, तिच्यात पुढाकार घेणारा विनायक दामोदर सावरकर हा त्यांच्याच कॉलेजचा विद्यार्थी. परांजपे यांनी त्याला १० रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. केसरीने त्यांच्यावर कडक टीका केली. कॉलेज सरकारच्या रोषापासून वाचवणे हे प्राचार्याचे काम होते, हे मला समजते. तरी ती शिक्षा करायला नको होती असेच मला वाटते. तुमच्या घरी आजोबांना विचारलेत तर त्यांचे मत आणखी वेगळे निघेल. (जाता जाता : काळ पत्र काढणारे शिवराम महादेव परांजपे हे वेगळे गृहस्थ. दोघांची मते एकमेकांच्या अगदी उलट होती, त्यामुळे परीक्षेत गोंधळ करू नका.)

पुढची पदे भराभर सांगतो, नाहीतर हा अंक त्यांतच संपेल. १९१६ मध्ये कर्वे यांनी महिला विद्यापीठ काढले तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू परांजपे झाले. ज्या कर्व्यांनी त्यांना कोकणातून शिकायला आणले, त्यांच्याच कामाला ते आपले नाव घेऊन उभे राहिले. १९२१ ते १९२३ ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री होते. १९२७ ते १९३२ लंडनला इंडिया कौन्सिलचे सभासद, १९३२ ते १९३८ लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू. १९४२ मध्ये सर हा किताब मिळाला. देव, ज्योतिष, मुहूर्त यांवर त्यांचा विश्वास नव्हता आणि ते तसे लिहीत आणि बोलत.

त्यांची मुलगी शकुंतला हिनेही केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजातून १९२९ मध्ये गणिताची ट्रायपॉस पूर्ण केली. मुलींना पूर्ण पदवी द्यायला केंब्रिजने १९४८ उजाडू दिला, हेही जाता जाता लक्षात घ्या. शकुंतलाबाईंनी १९३७ च्या कुंकू चित्रपटात काम केले, आणि कुटुंबनियोजनाचा उघड प्रचार केला, तोही ज्या काळात त्या विषयाचे नाव काढायला लोक लाजत.

आणि आता आपल्या दारातली गोष्ट. १९४४ मध्ये परांजपे ऑस्ट्रेलियाला आले. हिंदुस्थानचे इथले पहिले हायकमिशनर म्हणून ते कॅनबेराला १९४७ पर्यंत होते. वय अडुसष्ट. बरोबर मुलगी आणि नात. नात म्हणजे सई परांजपे, स्पर्श आणि चष्मेबद्दूर या चित्रपटांच्या दिग्दर्शिका. त्यांच्या लहानपणाची काही वर्षे कॅनबेरात गेली. म्हणजे घरात मराठी आणि बाहेर ऑस्ट्रेलियन इंग्रजी अशी तुमच्यासारखी कसरत करणारी मराठी मुलगी कॅनबेरात ऐंशी वर्षांपूर्वी होती.

तो काळ कसा होता पाहा. महायुद्ध चालू होते. आपल्या पॉइंट कुकमध्ये १९१४ पासूनचा विमानदलाचा तळ आणि भोवती मोकळी शेते, बस्स. आणि देशाचे धोरण होते श्वेत ऑस्ट्रेलिया, म्हणजे गोऱ्यांशिवाय कुणी इथे स्थायिक होऊ नये असा कायद्याचा कल. ते धोरण पुरते मोडीत निघायला १९७३ उजाडले. म्हणजे ज्या देशाच्या सरकारदरबारी परांजपे आपल्या देशाचे प्रतिनिधी म्हणून मानाने बसत होते, तिथे त्यांच्याच देशातल्या एखाद्या सामान्य कुटुंबाला घर करून राहणे जवळजवळ अशक्य होते. केंब्रिजच्या यादीत पहिला आलेला माणूस चालत होता. त्याच्या मागून येणारे नको होते. तुमचे आईबाबा इथे आले, घर घेतले, शनिवारी वर्ग भरवायला हॉल मिळाला, याच्या आधी हे सगळे होऊन गेलेले आहे.

स्वातंत्र्यानंतर ते पुण्यातच राहिले. १९५६ ते १९५९ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, म्हणजे ऐंशी ओलांडल्यावर. १९६१ मध्ये त्यांचे आत्मचरित्र इंग्रजीत निघाले, त्याचे नाव ८४ नॉट आउट. क्रिकेटच्या भाषेत आयुष्य सांगणारा हा गणिती ६ मे १९६६ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी वारला.

आता ज्याने वही पुढे केली होती त्याच्यासाठी, आणि वरच्या वर्गांतल्या सगळ्यांसाठी एक गणित. हार्डीने ज्या संकलनाच्या सिद्धतांना दंड केला तेच हे : क्ष ० पासून अनंतापर्यंत जात असताना (साइन क्ष) ÷ क्ष याचे संकलन करा. उत्तर पाय भागिले २ आहे, ते आधीच सांगून टाकतो. हवी आहे ती वाट. इशारा : आत आणखी एक अवयव गुणा, ई चा उणे (अ × क्ष)-वा घात. मग अ च्या संदर्भात विकलन करा. खालचा क्ष कटेल. उरलेले संकलन खंडशः संकलनाने दोनदा केले की सुटते. अ खूप मोठा झाला की सगळे शून्याकडे जाते, त्यावरून स्थिर संख्या काढा, आणि शेवटी अ ला ० कडे न्या. ही शेवटची पायरी करता येते असे कशावरून, हे ज्याला लिहिता येईल त्याचे पान आपण पुढच्या अंकात छापू. वही शनिवारी आणा. झेरॉक्सवर पेन्सिल उमटत नाही, तेव्हा काळ्या पेनने लिहा.